गाठ मारलेलं पान

माचामे, किलिमांजारोचा दक्षिण उतार
रविवार, दुपार

प्रिय दादा,

वरचं ‘प्रिय’ हा केवळ पत्रलेखनाचा संकेत समजावा. पत्र वैऱ्याला लिहायचं असलं तरी आरंभ गोड हवा, असं बाबांनी आपल्या दोघांना पाटीवर गिरवायला लावलं होतं. तो नियम मी पाळला. त्यातून आणखी काही अर्थ काढत बसू नकोस. बारा वर्षांनी लेखणी उचलली आहे ती तुझी खुशाली विचारायला नव्हे. तुझी कन्या आणि तुझा जावई यांच्याविरुद्ध मला रीतसर तक्रार करायची आहे, आणि अपत्याची तक्रार जन्मदात्याकडेच करायची असते. वहिनीला वाचून दाखवलंस तरी चालेल, पण आधी स्वतः अथपासून इतिपर्यंत वाच. अर्ध्यावर चष्मा काढून ‘पुढचं कळलं’ म्हणायची तुझी जुनी खोड आहे. या वेळी पुढचं तुला कळणार नाही. आणि पाकिटातून काही वाळकं खाली पडलं असेल, तर ते केरात टाकू नकोस. त्याचं येईलच पुढं.

पहिला अपराध अर्जाचा. आमचा तुमाइनी दारेसलामला नोकरीला गेल्यापासून त्याची खोली रिकामी असते, आणि कॉफीची फळं लाल व्हायला लागली की घरात हात कमी पडतात. म्हणून गेली चार वर्षं आम्ही एका योजनेत नाव घातलं आहे. परदेशातली माणसं येतात, दिवसाचे पाच तास शेतात काम करतात, त्या बदल्यात आमच्यात राहतात, आमच्यासारखं जेवतात, आणि जाताना गाईच्या गळ्यात पडून रडतात. बहुतेक जोडपीच येतात. एकट्यादुकट्याला इतकं शेण झेपत नाही. तर जुलैत एक अर्ज आला. ऋजुता आणि निनाद, वय अठ्ठावीस आणि एकतीस, मुक्काम सहा आठवडे, शेतीचा अनुभव: कुंडीत कोथिंबीर. आणि खाली मराठीत एकच ओळ: ‘आत्या, मीच आहे, नाही म्हणू नकोस.’ मी फोन करून तिला फैलावर घेतलं. सख्ख्या आत्याकडे यायला अर्ज करतेस? तर म्हणाली, “पाहुणी म्हणून यायचं तर बाबांना विचारावं लागलं असतं, आणि तुलाही हो-नाही करत बसावं लागलं असतं. कामाला यायचं तर त्यात काय? तुला माणसं हवीत, आम्हाला सुट्टी हवी.” मुलीचं नाव ऋजुता ठेवायचं आणि तिला वकिलीला घालायचं, हे तूच करू जाणे.

आली दोघं ऑगस्टच्या अखेरीस. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी तिचे हात हातात घेऊन चाचपले. शहाऐंशीव्या वर्षी त्यांना डोळ्यांनी फारसं दिसत नाही, पण हातावरून माणूस सांगतात. म्हणाल्या, “या हातांनी आजवर कागदाखेरीज काही उचललेलं नाही.” मी भाषांतर केलं. ऋजुता म्हणाली, “आजींना सांग, कागदसुद्धा जड असतात.” म्हातारी अशी खूष झाली, की तिथून पुढं मला दुभाषी म्हणूनही कुणी विचारेना. पंधरा दिवसांत तुझ्या लेकीला मोडकीतोडकी स्वाहिली यायला लागली, आणि जे यायचं नाही ते दोघी हातवाऱ्यांनी उरकायच्या. केळी सोलता सोलता दोघींचं सारखं काहीतरी चाललेलं असायचं. तो कटाचा आरंभ होता, हे मला फार उशिरा कळलं.

निनादबद्दल काय लिहू! मुलगा सालस आहे, पण उद्योगी आहे, आणि उद्योगी पाहुण्याइतका धोका दुसरा नाही. आळशी पाहुण्यांनी आमचं आजवर काडीचं नुकसान केलेलं नाही. यानं आल्या आल्या शेणखताला किती दिवसांत ऊब येते त्याचा तक्ता केला, केळीच्या खोडांना क्रमांक दिले, दोन्ही गाईंना मराठी नावं दिली. अनाएलीला हा जावई फारच आवडला. राहुरीला शेती शिकून आलेल्या माझ्या नवऱ्याला तीस वर्षांत प्रथमच कुणीतरी ‘असं का?’ म्हणून विचारणारं भेटलं होतं. मी विचारत नाही, मी सांगते. ते असो.

आता मूळ गुन्ह्याकडे येते. इथं घर, गोठा, केळी, कॉफी आणि पूर्वजांची थडगी असं सगळं एकाच तुकड्यात असतं. त्या जमिनीला किहांबा म्हणतात. आमच्या किहांब्याला पूर्वेकडून अनाएलीच्या थोरल्या भावाचा, एलिआमानीचा किहांबा लागून आहे. दोघांची हद्दीवरून तरुणपणी डोकी फुटायची वेळ आली होती. तेव्हा त्यांच्या बापानं दोघांना समोर उभं करून स्वतःच्या हातानं मधोमध सत्तर पावलं इसाले लावलं. इसाले म्हणजे उंच दांड्याचं, लांब हिरव्या पात्यांचं झाड. तुमच्याकडे हॉटेलांच्या दारात कुंडीतून उभं करतात, त्याच जातीचं. दिसायला काही विशेष नाही. पण इथं ते जिथं रांगेनं उभं, तिथं हद्द. आणि जिथं चार कोपऱ्यांना चार, तिथं खाली कुणीतरी निजलेलं. दगड नाही, सिमेंट नाही, नाव नाही, तरी सगळ्यांना सगळं कळतं. आमच्या शेळीलाही कळतं. न कळणारे दोघंच होते, आणि ते पुण्याहून आले होते.

सप्टेंबरच्या मध्यावर अनाएली दोन दिवस मोशीला कॉफी संघाच्या बैठकीला गेला. मी सकाळी शाळेत जाताना (संस्कृत शिकून मी इथल्या मुलांना गणित शिकवते, यावर बाबा वर कुठंतरी हसत असतील) निनादला सांगितलं, की केळीच्या पलीकडचं गवत काढा. दहा वाजता गवत संपलं. करार पाच तासांचा, आणि तुझा जावई करार पाळणारा. समोर बघतो तर रांगभर झाडं. फळ नाही, फूल नाही, कॉफीवर नुसती सावली पाडतायत. विचारायला घरी म्हातारीशिवाय कुणी नव्हतं, आणि तिला घाव ऐकू आले ते तिला वाटलं केळीचे. केळींच्या आड, कुणाच्या नजरेस न पडता, दोन दिवसांत या दोघांनी बापाच्या हातची सत्तर पावलं मुळासकट उपटून गोठ्यामागच्या खतखड्ड्यात रचली. मुळं वर, शेंडे खाली, अगदी पद्धतशीर. रांगेच्या टोकाला आणखी चार झाडं होती, तीही काढल्यावर मधे जराशी उंच, छान सपाट जागा निघाली. तिथून किबो शिखराचं बर्फ सरळ डोळ्यांसमोर येतं. निनादला वाटलं, इथं बाक हवं. जुन्या फळ्यांचं बाक ठोकून तयार! दुसऱ्या दिवशी चार वाजता मी शाळेतून आले, तर दोघं मला हाताला धरून, “आत्या, डोळे मिट हं, बघायचं नाही,” करत घेऊन गेली, आणि मला माझ्या आजेसासऱ्यांच्या छातीवर बसवून हातात चहा दिला.

मी कुठं बसले आहे हे कळायला मला दोन घोट लागले. तिसऱ्या घोटाला पलीकडून एलिआमानी आला.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, “तुमाइनीची आई, चहा गोड झालाय का?” मग त्यानं बाकाखाली बोट दाखवलं. “आजोबांना दिलास का घोटभर? नाही, एवढं पाय लावून बसलीस म्हणून विचारलं.” मी ताडकन उठले. म्हटलं, भाऊजी, ही पोरं परकी आहेत, यांना ठाऊक नव्हतं. “हो ना. म्हणून तर परकी आणायची. अनाएली कुठंय?” मोशीला, म्हटलं. “असणारच. हद्द उपटायच्या दिवशी माणसानं मोशीलाच असावं. आल्यावर त्याला सांग, सोमवारी मी पंचायतीत जातोय. आणि आजपासून माझं भांडं त्याच्या ओठाला लागणार नाही.” हे शेवटचं वाक्य तुला किरकोळ वाटेल. हे दोघं भाऊ तीस वर्षं दर रविवारी चर्चमधून आले, की एकाच भोपळ्याच्या भांड्यातून केळ्यांची दारू पितात. त्या भांड्यावर त्यांची दोन घरं टिकून आहेत. पंचायतीचं काय, पंचायत मोजून देते आणि मोकळी होते. पण भावंडांचं बोलणं एकदा बंद पडलं, की ते किती वर्षं बंद राहू शकतं, हे या उतारावर माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.

एलिआमानी गेल्यावर मी दोघांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. टपाल खात्याचे काही नियम असतात. ऋजुता पांढरीफटक. निनाद म्हणाला, “आत्या, चुकून काढलं गेलं.” मी म्हटलं, कर्मणि प्रयोग बंद! कर्ता सांग, कर्ता! तर तो खरोखर सरळ उभा राहिला आणि म्हणाला, “मी काढलं. तिनं नेऊन टाकलं. बाकाची कल्पना माझी.” तेवढ्यापुरता मला तो बरा वाटला.

संध्याकाळी अनाएली आला, खड्डा पाहिला, आणि खड्ड्याच्या काठावर बसून राहिला. मी म्हटलं, मी जाऊन भाऊजींना समजावते, तुझा यात दोष नाही. तो म्हणाला, “पाहुण्यानं केलं ते मीच केलं. त्यांना मीच बोलावलं ना?” इथला कायदा असा आहे. आणि दुसरा कायदा असा, की ज्याच्या हातून चूक झाली त्यानं इसालेचं पान तोडावं, त्याला गाठ मारावी, आणि ते कुणा वडीलधाऱ्याच्या हातून दुखावलेल्या माणसाकडे पाठवावं. दुखावलेला माणूस ते पान नाकारू शकत नाही. नाकारणाऱ्याच्या लग्नाला आणि मयताला कुणी जात नाही. पान घेतलं, की तो विषय त्या दिवसापासून बंद. सगळा तोडगा त्या एका पानात. आणि आमच्या जमिनीवर उभं असं एकही इसाले या दोघांनी ठेवलं नव्हतं! अनाएली खड्ड्याकडे बघायला लागला तर सासूबाई आतून म्हणाल्या, “केरातल्या पानानं माफी मागतोस? माझ्या पोटचा ना तू?” दुसऱ्या कुणाकडून मागावं तर घरचं भांडण गावभर होणार. जवळपास इसाले एकाच ठिकाणी उरलं होतं, एलिआमानीच्या स्वतःच्या दारात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी चर्चची ठेवणीतली वस्त्रं काढली. एका बाजूनं निनादला धरलं, दुसऱ्या बाजूनं ऋजुताला, आणि निघाल्या. मी मागून शेपटासारखी. एलिआमानी दारात कॉफी निवडत बसला होता. आमच्याकडे बघायचं नाही असं त्यानं ठरवलेलं दिसत होतं, पण आईला चालत येताना पाहून त्याला बसवेना. “आई, तू कशाला आलीस? धडपडशील.” “धडपडू कशी? या पोरानं मधलं सगळं काढून टाकलंय, आता अडखळायला काही राहिलंय का?” निनादला भाषा कळली नाही हे त्याचं नशीब. “मला एक पान तोडून दे,” म्हणाल्या. “कसलं पान?” “इसालेचं. माझ्याकडे नाही. का नाही ते तुला ठाऊक आहे.” एलिआमानीच्या लक्षात आलं. तो कॉफीच्या बिया या मुठीतून त्या मुठीत करत राहिला. “कुणाला द्यायचंय?” “तुला काय करायचंय? आई पान मागतेय, तोडायला इतका वेळ?” “आई, हा डाव आहे.” “डावच आहे. तोड.”

त्यानं तोडलं. म्हातारीनं ते बोटांनी वरपासून खालपर्यंत चाचपलं, चिरलेलं नाही ना पाहिलं, सावकाश गाठ मारली, आणि जागेवरून न हलता परत त्याच्याच हातात ठेवलं. “हे तुझ्या धाकट्याकडून.” एलिआमानी म्हणाला, “माझ्याच दारातलं पान मला?” “जमीन तुझ्या बापाची, झाड तुझ्या बापाचं, आणि तो धाकटाही तुझ्या बापाचाच. तुझं यात काय आहे?” “माझा राग आहे! तो गेलेला नाही.” “मग ठेव की. राग कोण मागतंय तुझ्याकडे? पंचायतीत जायचं नाही, आणि रविवारी भांडं एक. एवढंच.” तो पान हातात धरून उभा राहिला. चिडून त्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या, पण पान त्यानं टाकलं नाही. मग निनादकडे बोट करून म्हणाला, “आणि हा इंजिनीयर सगळं परत लावणार आहे. मी उभा राहून लावून घेणार आहे.”

दादा, खरं सांगते, त्या दिवशी मला एलिआमानीचाच कैवार आला. परतताना मी वाटभर सासूबाईंशी भांडले. म्हटलं, ही कुठली न्यायाची रीत? ज्याला लागलंय त्याला रागावण्याचा तरी हक्क नको का? आमच्याकडे आधी पश्चात्ताप, मग प्रायश्चित्त, मग समोरच्याला वाटलं तर क्षमा, अशी शिस्तशीर पायरी असते. तुमच्याकडे क्षमा आधी वसूल करायची आणि बाकीचं सवडीनं! मनात नसताना दिलेली माफी ती काय माफी? म्हातारी म्हणाली, “मन माझ्यासारखं आहे गं, त्याला चढ लवकर चढवत नाही. आपण पुढं जाऊन चूल पेटवून ठेवायची. ते येतं मागून.” हे बोलताना तिनं ऋजुताचा हात दाबला, हे मी पाहिलं होतं. पण मला वाटलं चढामुळं.

पुढचे दहा दिवस लावणी. इसाले चिवट असतं. खड्ड्यातून काढलेली बहुतेक झाडं परत उभी राहिली. एलिआमानीनं ते बाक थडग्यावरून उचलायला लावून आपल्या अंगणाच्या कडेला नेलं, त्यावर बसला, आणि तिथून हुकूम सोडायला लागला. “डावीकडे. अजून. अरे इंजिनीयर, तुझ्या देशात डावीकडे कुठं असतं?” सत्तर पावलांची रांग पुरी झाली तेव्हा ती आमच्या बाजूला चांगली वीतभर सरकली होती. मी अनाएलीला डोळ्यांनी दाखवलं. तो म्हणाला, “दिसलं. गप्प बस.” पहिल्या रविवारी एलिआमानी आला, भांड्यातून प्याला, आणि भांडं ठाणकन खाली ठेवलं. दुसऱ्या रविवारीही ठाणकन. तिसऱ्या रविवारी पिता पिता थांबला आणि अनाएलीला म्हणाला, “तुझी दाढी पांढरी झाली की रे. कधी झाली?” अनाएली म्हणाला, “तू पंचायतीत चालला होतास, तेव्हा.” आणि दोघं असे हसले, की गोठ्यात गाई उठून उभ्या राहिल्या.

इथपर्यंत वाचलं असशील तर म्हणशील, शेवट गोड झाला, मग तक्रार कसली? तक्रार आता सुरू होते.

या गुरुवारी दोघं निघाली. निनाद बाहेर गाडीत सामान चढवत होता. मी ओट्यावर डबा बांधत बसले होते. ऋजुता आतून आली, पाठीमागे सासूबाई, एकमेकींचा हात धरून, शाळेत वर्गापुढं कविता म्हणायला येणाऱ्या मुलींसारख्या. ऋजुतानं माझ्या मांडीवर काहीतरी ठेवलं. इसालेचं पान, गाठ मारलेलं. आजेसासऱ्यांच्या उशाला परत लावलेल्या झाडाचं. म्हणाली, “बाबांकडून.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि डबा बाजूला ठेवला. म्हटलं, त्यांनी दिलंय? “नाही. त्यांना यातलं काही माहीत नाही.” मग हे चालत नाही, उचल. “चालतं. आजींना विचारलंय मी. अनाएली काकांनी तरी कुठं आजींना पाठवलं होतं? आणि पान तरी कुठं त्यांनी स्वतःच्या हातानं तोडलं होतं? मधला माणूस नेतो, त्याचाच हात धरतात.” मागून शहाऐंशी वर्षांची माझी सासू दात नसलेलं तोंड उघडून हसत होती. सहा आठवडे त्या बाईनं माझ्याच घरात, माझ्याच भाचीला, माझ्याविरुद्ध वकिली शिकवली! मी पान झटकून टाकणार होते. टाकता येईना. तीस वर्षं या मातीत काढल्यावर डोक्याला नाही तरी हाताला काही गोष्टी कळतात. त्या पोरीनं मला विचारलं नाही, तुला विचारलं नाही, आणि बारा वर्षांचा माझा जपून ठेवलेला, घासूनपुसून लख्ख ठेवलेला राग माझ्या मांडीवरून उचलून घेऊन गाडीत बसून निघून गेली. याला काय म्हणायचं? दरोडाच ना?

पान घेतलं की विषय काढायचा नसतो. पण एलिआमानीलाही दोन रविवार भांडं ठाणकन ठेवायची मुभा मिळाली होती. मी एकदाच ठेवते. आई गेली आणि तू मला चौदाव्या दिवशी फोन केलास. ‘तुला एवढ्या लांबून यायला जमलं नसतं, उगीच जिवाला घोर कशाला,’ म्हणालास. जमलं असतं की नसतं हे ठरवायचं माझं होतं, दादा. मी इकडं शाळेत मुलांना अपूर्णांक शिकवत होते, संध्याकाळी हसत होते, भाजीत मीठ कमी म्हणून नवऱ्याशी भांडत होते, आणि आई तेरा दिवस नव्हती. ते तेरा दिवस तू माझे नेलेस. झालं. ठेवलं भांडं.

आता तू विचारशील, पान जर तुझ्याकडून मला आलं, तर पाकिटातलं हे वाळकं दुसरं कुठलं? ते माझं आहे. आई गेल्यावर तीन महिन्यांनी तू मला एक पार्सल पाठवलं होतंस. मोशीच्या टपाल कचेरीत मी ते हातात घेतलं, वर तुझं अक्षर पाहिलं, उघडलं नाही, आणि त्यावर ‘पाठवणाऱ्यास ओळखत नाही’ असं लिहून खिडकीतून परत सरकवलं. कारकून म्हणाला, “बाई, आडनाव तर तुमच्या माहेरचं आहे.” मी म्हटलं, योगायोग. हे मी अनाएलीलाही सांगितलेलं नाही. ऋजुता सांगत होती, की ते पार्सल अजून तुझ्या कपाटात तसंच आहे, सुतळीही सोडलेली नाही. दर दिवाळीला तू ते काढतोस, पुसतोस आणि परत ठेवतोस. ते ऐकल्यापासून मला जेवण नीट गेलेलं नाही. तेव्हा काल मी एलिआमानीच्या दारात गेले आणि म्हटलं, भाऊजी, एक पान तोडून द्या. तो म्हणाला, “तुमचं कुंपण उभं केलंय ना आता? घरचं तोड.” म्हटलं, घरचं नको, मध्यस्थ हवा. त्यानं कुणासाठी विचारलं नाही. तोडलं आणि म्हणाला, “गाठ घट्ट मार, लांब जायचं असेल तर.” एवढं लांबलचक पत्र लिहिलं ते एवढ्याचसाठी. नुसतं पान पाठवलं असतं तर तू ते उलटसुलट करून वहिनीला म्हणाला असतास, ‘उत्तरानं हे काय पाठवलंय, चहाची पात आहे का?’ आता तुला नियम पाठ आहे. हातात घेतलं आहेस, नाकारता येत नाही, आणि ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही. पण पान घेतल्यावर दोघांना एका भांड्यातून प्यावं लागतं, त्याशिवाय पुरं होत नाही. आणि भांडं टपालानं येत नाही. जानेवारीत कॉफीचं काम आटोपतं. ये. अर्ज करायची गरज नाही, पाच तास काम मात्र करावं लागेल. एलिआमानीनं बाक तुझ्यासाठी झाडून ठेवायचं कबूल केलं आहे, आता ते कुणाच्या छातीवर नाही. गुडघ्याचं दुखणं म्हणून टाळू नकोस. सासूबाई तुझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठ्या आहेत आणि चढ चढतात. आणि येताना ते पार्सल घेऊन ये. पाठवणाऱ्याला मी ओळखते.

तुझीच,
उत्तरा